ज्याचा आवाज त्याच्याच डब्यात

बिरोबा उपसा सिंचन संस्थेच्या सर्वसाधारण सभेत एका सभासदाचा प्रश्न सर्वांना ऐकू गेला, ही १९९७ सालची गंभीर घटना आहे. पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला रान असलेल्या ठमाबाईंनी माईक हातात घेऊन विचारलं, "वरच्यांच्या उसात पानी तुंबतंय आन आमच्या टोकाला थेंब येत न्हाय, ते का?" कर्णे चांगले असल्यामुळे प्रश्न थेट वेशीपर्यंत गेला. संचालक मंडळाने तातडीची बैठक घेतली आणि दोष पाण्यात नसून ध्वनिव्यवस्थेत आहे, असा एकमताने निष्कर्ष काढला.

दोष दूर करायचं काम माझ्याकडं आलं. मी सिद्धू. बारामतीत माझं साउंडचं दुकान, रान मात्र गावातच, ठमाबाईंच्या बांधाला लागून. नुकताच मुंबईहून डिजिटल मिक्सर आणला होता. तालुक्यात तो पहिलाच आणि तो चालवता येणारा मीही पहिलाच, हे मी कुणी न विचारता सांगत असे.

चेअरमन दादासो आबांना मी समजावलं की माईक कितीही असोत, कुठला आवाज कुठं पाठवायचा ते यात बटणावर ठरतं. कर्ण्यांना वेगळा, माझ्या हेडफोनात वेगळा, आणि बोलणाऱ्याला आपला आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्या पायाशी मॉनिटरचा डबा ठेवतात, त्यात आणखी वेगळा.

"म्हंजी कुनाचं कुठवर ऐकू जायाचं, ते आपुन ठरवायचं?" आबांनी विचारलं.

"व्हय आबा."

आबा जरा हिरमुसले. "ते तर आमी मशीनबिगर करतुय," म्हणाले. तरी काम दिलं.

पुढच्या सभेला प्रत्येक संचालकासमोर डबा होता. प्रत्येकाला त्यात फक्त स्वतःचाच आवाज हवा होता. व्हाइस चेअरमनना तर ते गप्प असतानाही हवा होता, म्हणून त्यांचं मागचं भाषण कॅसेटवरून सोडलं. आबांच्या डब्यात टाळ्या. सभासदांसाठीची युक्ती माझी स्वतःची. त्यांचा माईक मी कर्ण्यांना जोडलाच नाही, त्यांच्याच पायाशी ठेवलेल्या डब्याला जोडला. मंडपात तेवढा वेळ मंद सनई.

ठमाबाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. स्वतःचा आवाज एवढा भरदार त्यांनी कधीच ऐकला नव्हता. पदर सावरून त्या बराच वेळ बोलल्या. टाळ्या ऐकत बसलेल्या आबांनी मान डोलावली. "औंदा चांगलं ठणकावून सांगितलं," म्हणत बाई समाधानानं खाली बसल्या. मग माईकसमोर रांगच लागली. पुढच्याचं बोलणं कुणालाच ऐकू येत नव्हतं, पण रांगेतला माणूस आपलंच घोकत असतो, त्याला कसलीच उणीव भासली नाही. इतिवृत्तात 'सभासदांनी मोकळेपणाने विचार मांडले' अशी नोंद झाली. इंदापूरकडच्या संस्था माझी व्यवस्था बघायला येऊ लागल्या.

पुढच्या उन्हाळ्यात माझाच ऊस वाळायला लागला. माझी बायको मनिषा म्हणाली, "गावाचं आवाज फिरवताय, आपलं पानी तेवढं मागा की."

सभेच्या दिवशी सभासदांच्या माईकचा आवाज कर्ण्यांवर टाकायला एक बटण पुरेसं होतं. बोट तिथवर नेलंही. पण प्रश्न मंडपात ऐकू गेला असता तर आबा मिक्सर बिघडला म्हणाले असते, आणि माझ्या कामाला आजवर कुणी नाव ठेवलेलं नव्हतं. मी बोट मागं घेतलं, हेडफोन काढला आणि रांगेत जाऊन उभा राहिलो.

"टोकाला पानी सोडा आबा, ऊस हातचा चाललाय," मी म्हणालो. खरंच गळा दाटून आला. तो दाटलेला गळासुद्धा डब्यातून फार सुंदर आला. फक्त 'स' जरा कानाला टोचत होता, म्हणून मधेच मिक्सरपाशी जाऊन तो मऊ केला आणि परत येऊन उरलेली कळकळ मांडली. आबांनी मान डोलावली.

घरी मनिषानं विचारलं, "मग? पानी कवा सोडनार?"

"आवाज लई साफ आला," मी म्हणालो.

ऊस आम्ही वैरणीला तोडला.

हसा, वाचकहो. पण मागं तुम्हीही कुठल्याशा कचेरीत साहेबाला चांगलं खडसावून आला होता आणि घरी तसं चढ्या आवाजात सांगितलंही होतं. तेव्हा पाणी आलं होतं, की नुसता आवाजच साफ होता?