मॅडमची खुर्ची आणि सरांची मान

इतिहासाच्या मॅडम खुर्चीत बसल्या की दारातून फक्त अंबाडा दिसायचा. मॅडमचा बाकीचा देह खुर्चीच्या पोटात. खुर्ची वेताची, उंच पाठीची, मधोमध खचलेली. त्यात एकदा मॅडमचा चष्मा हरवला, तो सापडेपर्यंत डोळ्यांचा नंबर बदलला होता म्हणे. मॅडमना एवढा बाक आला होता, की विद्यार्थी त्यांना मागून प्रश्नचिन्ह म्हणायचे. मॅडमना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

विभागप्रमुख सरांच्या मात्र ते चिन्ह डोळ्यांत सलायचं. सर स्वतः म्हणजे रोवलेला खांब. रोज सकाळी दारात उभे राहून एकच वाक्य टाकायचे, "मॅडम, पाठ सरळ."

"माझी पाठ आहे सर. मी बघते तिचं काय करायचं ते."

अशात विद्यापीठाचं फर्मान आलं. आपण कसे बसतो याचं प्राध्यापकांना भान आहे की नाही, याची तपासणी होणार. जो नापास होईल त्याला नवी ताठ खुर्ची, आणि जुनी थेट भंगारात.

"म्हणजे तुमची गेली," सर म्हणाले.

"हात लावून बघा. त्या खुर्चीत बसून मी दोन पुस्तकं लिहिलीत. तुम्ही ताठ बसून काय लिहिलंत? सूचना."

घरी नवरा सोफ्यावर आडवा, फोन हनुवटीवर टेकवलेला. तो म्हणाला, "अगं, एक दिवस बस की सरळ. काय बिघडतं?"

"आज पाठ सरळ करा म्हणतायत, उद्या म्हणतील विचार सरळ करा. आणि तू आधी उठून बस."

तो काही उठला नाही.

इकडे सरांनी विभागाला सराव लावला. "विभागाची मान खाली जाता कामा नये," म्हणाले. मध्ययुग शिकवणारे सर इतके ताठ बसायला लागले, की टेबलावरचा पेपर दिसेनासा झाला. त्यांनी चाचपून गुण दिले. सगळा वर्ग पहिल्या श्रेणीत आला. प्राचीन काळ शिकवणाऱ्या मॅडम छताकडे बघून चहा प्यायल्या, तो चहा कुठे गेला ते त्यांच्या साडीला विचारा. आणि विभागप्रमुखांनी तर कमालच केली. भिंतीवरच्या नकाशाची लांब काठी काढली, कॉलरमधून आत सरकवली आणि शर्टाच्या आत पाठीला बांधूनच टाकली. आठवडाभर माणूस उदबत्तीसारखा फिरत होता.

तपासणीच्या सकाळी मॅडम यायच्या आत सरांनी त्यांच्या खुर्चीला भंगाराची दोरी बांधली आणि खुर्ची बाहेर ओढायला वाकले. काठी कशाला वाकतेय? वाकली ती मान. कट् असा आवाज झाला आणि सरांचं तोंड कपाटाकडे वळलं, ते वळलेलंच राहिलं.

तेवढ्यात विद्यापीठाच्या डॉक्टरीणबाई कॅमेरा घेऊन तपासणीला आल्या. त्यांची पद्धत सोपी होती. "डोळे मिटा. हलू नका. तुमचं डोकं, खांदे, पाय आत्ता कसे आहेत ते सांगा. मग फोटोत बघू."

मध्ययुगवाले म्हणाले, "मान सरळ, खांदे सारखे." फोटोत उंट कुंपणावरून डोकावत होता. प्राचीनच्या मॅडमचंही तेच झालं. सर ठासून म्हणाले, "ताठ. तोंड समोर."

"सर, समोर मी आहे."

"मग तुम्ही जरा इकडे या."

दोरी बांधलेल्या आपल्या खुर्चीतच मॅडम येऊन बसल्या. ओठ घट्ट आवळलेले, हात खुर्चीला धरून. डोळे मिटून म्हणाल्या, "मान कासवासारखी पुढे. पिशवीने डावा खांदा उतरलाय. पाठीला पोक. उजवा पाय डाव्याखाली दुमडलाय आणि त्याला मुंग्या आल्यात."

डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहिला, मॅडमना पाहिलं, परत फोटो पाहिला. "तुम्ही पास. एकट्याच."

"अहो, पण त्या वाकड्या बसतात," सर कपाटाला म्हणाले.

"बसू देत की. सरळ कोण बसतं हे कुठे बघायचं होतं? आपण कसे बसलोय हे कोणाला कळतं, ते बघायचं होतं. मॅडम, एवढं भान आलं कशामुळे?"

"सरांमुळे. ते रोज 'पाठ सरळ' म्हणतात. मग मी कुठेकुठे वाकडी आहे ते नीट बघून घेते, आणि तशीच राहते."

डॉक्टरीणबाई सरांकडे वळल्या. "तुमची मान ओढून सुटायची नाही. ती काठी काढा आधी. मग मागे खोल रेलून पडून राहा, मानेला मागून आधार हवा."

खोलीतल्या बाकी खुर्च्या एकजात ताठ. सगळ्यांची नजर एकाच जागी गेली. सरांची जाऊ शकत नव्हती, पण त्यांना कळलं.

"मॅडम," ते कपाटाकडे बघत म्हणाले, "थोडा वेळ तुमची खुर्ची..."

"दोरी कोणी बांधली?"

"मी."

"मग सोडा," मॅडम खुर्चीतून उठत म्हणाल्या.

सरांनी चाचपडत दोरी सोडली, काठी काढून मॅडमच्या हातात दिली आणि हळूच टेकले. टेकले ते आत आत जातच राहिले. शेवटी दारातून फक्त टक्कल दिसायला लागलं. आतून इतका लांब उसासा आला, की तो बऱ्याच वर्षांचा साठलेला असावा.

तासाची घंटा झाली. मॅडम नकाशाची काठी टेकत निघाल्या, दारात थांबल्या.

"सर, पाठ सरळ."

खुर्चीच्या पोटातून आवाज आला, "माझी पाठ आहे मॅडम. मी बघतो."