निकालाआधीची अंडी

ग्रिसेल्दा नीएवाच्या प्रबंधाला विद्यापीठात कुठे ठेवायचं, हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. इंजिनियरिंगवाले म्हणायचे, यात नर्सेसची सर्दी आहे, हा वैद्यकाचा विषय. वैद्यकवाले म्हणायचे, यात रजांचे हिशोब आहेत, व्यवस्थापनाकडे न्या. व्यवस्थापनवाले विजेचे आलेख बघून हात जोडायचे आणि तिला परत इंजिनियरिंगच्या जिन्याकडे पाठवायचे. एक ना धड, भाराभर चिंध्या असं तिच्या तोंडावर कोणी म्हणालं नाही, पण जिने चढता-उतरता तिला ते ऐकू यायचं.

खरं तर तिचं म्हणणं अगदी साधं होतं. ती तुकुमान या उन्हानं भाजणाऱ्या गावातल्या एका लहान रुग्णालयाच्या कार्यालयात कामाला होती. तिथले संचालक अंगानं भरभक्कम, त्यांना उकाडा सोसवत नसे, म्हणून सगळ्या इमारतीचा एसी सोळावर. बाहेर रस्त्याचं डांबर वितळतंय आणि आत नर्सेस लोकरी शाली पांघरून रुग्णांना इंजेक्शनं देतायत. त्या आजारी पडल्या की रजा, रजा पडली की बदली माणसं, आणि वर विजेचं बिल. एसी चोवीसवर आणला की वीज, तब्येत आणि कारभार तिन्ही जागेवर येतात, हे तिनं सात रुग्णालयांत मोजून दाखवलं होतं.

तिची आई नेलिदाबाई सगळ्यांना हे एका दमात सांगायच्या. "एसी कमी करा म्हणते. एवढंच. त्यासाठी माझ्या पोरीचे केस पिकले."

आता शेवटची परीक्षा होती. तीन परीक्षकांसमोर प्रबंध मांडायचा, मग निकाल. मुदत वाढवून वाढवून संपली होती. आज त्यांनी "सुधारून आणा" म्हटलं असतं तर नोंदणी रद्द, आणि ग्रिसेल्दाला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. तेवढं बळ आपल्यात उरलेलं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

घरच्यांची तयारी मात्र जय्यत होती. ग्रिसेल्दानं पदवीचा शेवटचा पेपर दिला त्या दिवशी वडील रुग्णालयात होते, त्यामुळे तिकडच्या रिवाजाप्रमाणे तिला कोणी अंडी मारली नव्हती. शिक्षण पूर्ण झालं आणि अंगावर अंडी नाहीत, पीठ नाही, केसांना कात्री नाही, म्हणजे लग्न झालं आणि अक्षता पडल्या नाहीत अशातली गत. तिचा भाऊ वाल्तेर याचं कोंबड्यांचं दुकान होतं. त्यानं बाजूला काढलेली अंडी गिऱ्हाइकाला विकण्याच्या पलीकडे गेलेली होती. मैदा, टोमॅटोची चटणी, मोहरीची चटणी आणि शिवणाची मोठी कात्री घेऊन आई, भाऊ आणि कोका मावशी दुपारपासून विद्यापीठाच्या पायऱ्यांसमोर लिंबाच्या झाडाखाली उभे होते. आत अंडी न्यायला बंदी, आणि अंड्यांना सोडून जायला वाल्तेर तयार नव्हता.

"बाहेर आली की लगेच मारायची," वाल्तेरनं बजावलं. "विचार करायला वेळ दिला की ती पळेल. लहानपणापासून पळकुटी आहे."

"पण पास झाली हे कळणार कसं?" मावशीनं विचारलं.

"चेहऱ्यावरून. रडली की झाली."

आत परीक्षा दगडी चेहऱ्यांपुढे पार पडली. ऊर्जेचे बाझानसाहेब, आरोग्याच्या डॉक्टर आब्दालाबाई आणि व्यवस्थापनाचे रोमानोसर. ग्रिसेल्दा बोलत होती आणि तिघं एकमेकांकडे चोरून बघत होते, दुसऱ्याच्या लग्नात आधी कोण जेवायला बसतो हे बघावं तसं. शेवटी आब्दालाबाई म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबा. आम्ही आपसात बोलतो."

ही नेहमीची रीत. पण त्या खोलीचा एसी सोळावर होता. एसीवर प्रबंध लिहिणाऱ्या बाईनं परीक्षकांना "जरा कमी करता का" म्हणायचं कसं, म्हणून ती तासभर कुडकुडत राहिली होती. नाक वाहत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. कॉरिडॉरही तसाच गार. जरा उन्हात उभं राहावं म्हणून ती दारवानापुढून बाहेर पायरीवर आली, रुमाल डोळ्यांना लावला आणि मोठ्यानं नाक ओढलं.

"रडतेय!" कोका मावशी ओरडली.

"अजून निका..." एवढंच ग्रिसेल्दाच्या तोंडून निघालं. पहिलं अंडं कपाळावर फुटलं, दुसरं मानेवर, आणि मग मोजायला कोणाला सवड नव्हती. नेलिदाबाईंनी स्वतःच्या हातानं मैद्याची पिशवी तिच्या डोक्यावर उपडी केली आणि हुंदका देत म्हणाल्या, "तुझे बाबा असते तर त्यांनी पहिलं अंडं मारलं असतं गं." वाल्तेरनं कात्रीनं तिच्या नव्या पांढऱ्या ब्लाउजची बाही खांद्यापासून उतरवली. रस्त्यानं जाणाऱ्या मोटारी हॉर्न वाजवून अभिनंदन करत होत्या, एका बसमधून टाळ्याही आल्या.

"निकाल लागला नाहीये!" ग्रिसेल्दाला शेवटी ओरडता आलं.

टाळ्या थांबल्या. वाल्तेरच्या हातात एक अंडं उरलं होतं, ते त्यानं हळूच खिशात घातलं.

"मग रडत का होतीस?" त्यानं विचारलं.

"थंडी वाजत होती!"

"चाळीस अंशात?"

"आत सोळा आहे, गाढवा. इतकी वर्षं मी दुसरं काय सांगतेय?"

आता तोंडचं पाणी पळालं ते नेलिदाबाईंचं. "अगं, मग हे आधी काढा. पुसा हिला." वाल्तेर धावत गेला आणि समोरच्या बागेतला पाण्याचा पाइप ओढून आणला. पिठाला पाणी लागलं की काय होतं, हे त्या तिघांत दोन सुगरणी असूनही पाणी सोडेपर्यंत कोणाच्या डोक्यात आलं नाही. काही क्षणांत ग्रिसेल्दाच्या केसांत छान मऊ कणीक तिंबून तयार झाली. मावशी ती बोटांनी काढू लागली तशी ती आणखी ताणली जाऊ लागली.

"सोड, मावशी. वाळू दे तशीच," ग्रिसेल्दा म्हणाली. तिच्या आवाजात राग उरला नव्हता आणि त्यामुळेच नेलिदाबाई घाबरल्या.

तेवढ्यात आतून कारकून बाईंची हाक आली, "नीएवा, आत बोलावलंय!" ग्रिसेल्दा दाराकडे वळली तर दारवान दोन्ही हात पसरून उभा. त्याचं नाव एउसेबियो, आणि अंड्यांच्या नियमावर त्याचं धर्मग्रंथासारखं प्रेम.

"अंडं घेऊन आत नाही. अंडं लावूनही नाही."

"माझा निकाल आहे आत."

"निकाल लागला म्हणूनच तर अंडी मारतात ना, बाई?"

"नाही लागला अजून. घरच्यांची घाई झाली."

एउसेबियोनं छातीवर क्रूस काढला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो हे त्यानं पाहिलं होतं, पण बाशिंग बांधून मुलीचा होकार ऐकायला निघालेला पहिल्यांदाच पाहत होता. "निकालाच्या आधी अंडी? आता तुमचं काही खरं नाही बघा," तो अगदी मनापासून हळहळत म्हणाला. पण त्या हळहळीत त्याचे हात खाली आले. वर्तमानपत्र पसरत पसरत, पानापानावर पाय ठेवायला लावत, त्यानंच तिला वरपर्यंत पोचवलं.

दार उघडलं तेव्हा आब्दालाबाई कागदाकडे बघून बोलायला लागल्या होत्या. "ग्रिसेल्दाबाई, आम्ही पुष्कळ विचार केला, आणि जड अंतःकरणानं..."

त्यांनी मान वर केली. समोर एका बाहीची बाई उभी होती. हनुवटीवरून पिवळा बलक ओघळत होता, केसांतली कणीक एसीच्या वाऱ्यानं कडक व्हायला लागली होती, आणि वास असा की बाझानसाहेबांनी नाकाला रुमाल लावला.

'जड अंतःकरणानं' म्हणजे काय हे ग्रिसेल्दाला कळलं होतं. इतक्या वर्षांच्या रात्री, सुट्ट्या, आईचे टोमणे, सगळं त्या दोन शब्दांत संपलं, आणि वर अंगाला अंड्यांचा वास.

पण आब्दालाबाई पुढचं बोलेचनात. त्या हळूच बाझानसाहेबांकडे वळल्या.

"मघाशी तुम्ही कॉफीला म्हणून खाली गेला होतात."

"कॉफीलाच गेलो होतो. बातमी द्यायला नाही," बाझानसाहेब म्हणाले. "फोन तर तुम्ही कोणाला तरी करत होतात."

"मी घरी केला! गॅस बंद आहे का विचारायला!"

"म्हणजे तुम्हा दोघांचं हिला पास करायचं आधीच ठरलं होतं," रोमानोसर दुखावलेल्या स्वरात म्हणाले, "आणि मला इथे नुसता वाईटपणा घ्यायला बसवलंत."

"सर, मला कोणी काही सांगितलं नाही," ग्रिसेल्दा म्हणाली. खोटं बोलून पास व्हायचं तिच्या मनातही नव्हतं. "मी नुसती उन्हात उभी राहिले होते. माझ्या घरच्यांचा गैरसमज झाला."

"तुम्ही कोणाला पाठीशी घालू नका," आब्दालाबाईंनी हात वर केला. "निकाल कळल्याशिवाय कोणी अंडी मारत नाही. आम्ही याच गावचे आहोत."

रोमानोसर खाकरले. "माझा विरोध होता असं मी म्हटलंच नव्हतं. मला वाटलं, तुम्ही दोघं विरोधात आहात."

"मी?" बाझानसाहेब म्हणाले. "मी तर डॉक्टरबाईंचा चेहरा बघून मान हलवली."

"माझा चेहरा गारठ्यानं तसा झाला होता," आब्दालाबाई म्हणाल्या. त्यांनी कागद उलटा ठेवला, चष्मा सारखा केला आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथून उचललं. "तर, जड अंतःकरणानं, म्हणजे अतिशय भरून आलेल्या अंतःकरणानं आम्ही जाहीर करतो की तुम्ही उत्तीर्ण झाला आहात."

त्यांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला, ग्रिसेल्दाचा हात पाहिला आणि आपला परत घेतला. ग्रिसेल्दा मात्र आता खरोखरच रडत होती, आणि या वेळी त्याचं खापर एसीवर फोडता आलं नसतं.

खाली लिंबाच्या झाडाखाली कोका मावशीनं खिमा भरलेल्या करंज्यांचा, म्हणजे एम्पनाडांचा, डबा उघडला. परीक्षकांना खाऊ घालायची रीत आहे आणि परीक्षकांची न थांबायची रीत नाही. वाल्तेर एकेकाला तीन-तीन वाढत होता. खाता खाता बाझानसाहेब ग्रिसेल्दाला झाडाच्या पलीकडे घेऊन गेले, कानात काही बोलले आणि खांदा थोपटायला उचललेला हात तसाच मागे घेऊन परतले. मग आब्दालाबाईंनी तिला बाजूला घेतलं. मग रोमानोसरांनी. तिघंही गेले तेव्हा ग्रिसेल्दा बुंध्याला टेकून एकटीच हसत बसली होती.

नेलिदाबाई तिच्या शेजारी टेकल्या आणि तिच्या केसांतली वाळलेली कणीक मोडू लागल्या. "एवढं काय सांगत होते गं कानात?"

"ऊर्जेचे साहेब म्हणाले, तुमचं ऊर्जेचं प्रकरण अगदीच पोरकट आहे, पण आरोग्याचं आणि व्यवस्थापनाचं अप्रतिम. डॉक्टरबाई म्हणाल्या, आरोग्याचं काढून टाकलंत तरी चालेल, बाकीची दोन पुस्तक करण्यासारखी. रोमानोसर म्हणाले, व्यवस्थापनाबद्दल न बोललेलं बरं, पण वीज आणि आरोग्य, वा."

नेलिदाबाईंनी बोटांवर हिशोब लावला. "म्हणजे तुझं प्रत्येक प्रकरण दोघांना आवडलं."

"हो."

"मग तिसऱ्याला का नाही आवडलं?"

"तिसऱ्याला तो विषय येतो, आई."