आमची कन्याकुमारी आणि भाऊंची उटी

कन्याकुमारीला जायचं नाही, हे आम्ही एका रविवारी सकाळी टँकरच्या रांगेत ठरवलं. म्हणजे रांगेत मी उभा होतो आणि ठरवलं विनयाने, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून. (आमच्या घरात कामांची वाटणी साधारण अशीच आहे.)

"अहो, ऐकलंत का!" ती वरून ओरडली. "त्या कन्याकुमारीला जाऊन बघायचं काय, तर तीन तीन समुद्र! इथे एका हंड्यासाठी मारामारी, आणि तिकडे एवढं पाणी वाया गेलेलं बघून माझा जीव जळेल नुसता. त्यापेक्षा माळ्यावर टाकी बसवू या!"

अख्ख्या रांगेने माना डोलावल्या. मी आपला "हळू बोल, हळू बोल" अशा खुणा करत राहिलो.

हळू बोलण्यासारखंच प्रकरण होतं ते. ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. मी, हरेश्वर मयेकर, फोर्टातल्या एका निमसरकारी महामंडळात सीनियर क्लार्क होतो आणि विरारला मनवेलपाड्यात राहत होतो. चार वर्षांतून एकदा आम्हाला सहकुटुंब फिरून यायचा खर्च मिळायचा. त्याला एलटीसी म्हणत. नियम एकच, की खरोखर जाऊन यायचं. पण हा नियम आमच्या ऑफिसात कुणी फारसा मनावर घेत नसे. कागदोपत्री काशीला गेलेले आमचे पवार बदलापूरला सासुरवाडीत आमरस ओरपत असायचे. विरार स्टेशनजवळ सोनू नावाचा एक ट्रॅव्हल एजंट होता. त्याच्याकडे बसच्या तिकिटांपासून लॉजच्या पावत्यांपर्यंत सगळं मिळे, फक्त प्रवास तेवढा मिळत नसे.

तर एलटीसीच्या पैशांत पाचशे लिटरची टाकी, असा बेत ठरला. धोका एवढाच होता की पुढच्या महिन्यात हेडक्लार्कची जागा रिकामी होत होती आणि यादीत पहिलं नाव माझं होतं. सोळा वर्षं त्या खुर्चीकडे बघत काढली होती मी. हे बिंग फुटलं असतं तर खुर्ची गेली, टाकी गेली आणि वर चौकशी. पण विनया म्हणाली, "फोर्टातले लोक मनवेलपाड्यात काय करायला येतायत? आपल्याकडे नातेवाईकसुद्धा येत नाहीत!"

मी दहा दिवसांची रजा टाकली. ऑफिसातल्यांनी नेहमीप्रमाणे फर्माइशी केल्या. कुणाला रंगीत वाळू हवी, कुणाला शंख, कुणाला शिंपल्यांची माळ. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या फर्डिनंड लोपीसने तर विरारजवळच्या निर्मळ गावातल्या आपल्या वाडीतली केळ्यांची फणीच आणून दिली. "लांबचा प्रवास हाय तुमचा," म्हणाला, "पोरगीला भूक लागेल." मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. (केळी मात्र गोड होती.)

पहिले दोन दिवस मी घरात पडदे ओढून बसलो. आमची ऋतिका नऊ वर्षांची. तिला खेळायला जायची बंदी केल्यामुळे ती दर अर्ध्या तासाने विचारायची, "पप्पा, आता आपण कुठपर्यंत पोचलो?" मी म्हणायचो, "मद्रास."

तिसऱ्या दिवशी सकाळी पेपर उघडला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या नगरपरिषदेचे बारा नगरसेवक (नगरपरिषदेचं नाव लिहीत नाही, पाणी अजून त्यांच्याकडूनच घ्यायचंय) बायकापोरांसकट उटीला गेले होते! कशाला? तर पाणीपुरवठ्याचा अभ्यास करायला! नेतृत्व आमच्या वॉर्डाचे भाऊ करत होते. खाली बातमीत भाऊंच्या मोबाईलचं बिल, जीपचं डिझेल, चहापाण्याचा भत्ता, सगळं दिलं होतं.

"अगं बघ, बघ!" मी ओरडलो. "जनतेचा पैसा आहे का गंमत? घसा कोरडा आमचा आणि अभ्यास उटीला! आणि सोबत एकाची मेहुणीसुद्धा आहे. ती कसला अभ्यास करणार?"

"तुम्हाला नेमकी मेहुणीच बरी दिसली," विनया म्हणाली.

"प्रश्न नीतीचा आहे, विनया! ज्या कामासाठी पैसे घेतले त्या कामाला ते वापरायला नकोत?"

 विनयाने फक्त माळ्याकडे बघितलं, जिथे टाकी बसायची होती.

एवढ्यात दार वाजलं. मी पलंगाखाली शिरेपर्यंत स्वप्ना वहिनी आत आल्यासुद्धा. या तळमजल्यावर राहतात आणि आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष आहेत. त्यांना कुणीही अध्यक्ष केलेलं नाही.

"भावजी, ओरडणं खालपर्यंत ऐकू आलं. असंच ओरडायला माणूस हवाय. आत्ता नगरपरिषदेवर हंडा मोर्चा काढतोय. तुमचं अक्षर चांगलं आहे, एक फलक लिहा आणि चला."

मी म्हणालो, माझी तब्येत बरी नाही. विनया म्हणाली, "जा हो, घरात बसून माझं डोकं खाण्यापेक्षा बरं. मीही येते." मग मी साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'आमच्या पैशाने फिरता, खोटी बिलं लावता, लाज नाही वाटत?'

विनयाने ते दोनदा वाचलं. "'खोटी बिलं' हे तुम्हाला सुचलं?"

"का? बरं नाही जमलं?"

"छान जमलंय. अगदी आतून आलेलं वाटतं."

खरं सांगतो, मी मोर्चाच्या शेवटी लपतछपत चाललो होतो. पण 'पुरुषमाणूस पुढे हवा' म्हणत बायकांनी ढकलत ढकलत मला थेट गेटपर्यंत नेलं. आणि तिथे मला काय झालं कोण जाणे! सोळा वर्षं 'होय साहेब, करतो साहेब' म्हणणारा मी, फलक उंच धरून असा काही ओरडलो, असा काही ओरडलो, की वॉचमन स्टुलावरून उठला. "जनतेच्या पैशावर मजा मारणाऱ्यांचा धिक्कार असो!" चाळीस बायका हंडे बडवून मला साथ देत होत्या. एक प्रेसवाला आला आणि म्हणाला, "काका, फलक सरळ धरा, अक्षर दिसलं पाहिजे." मी धरला. फ्लॅश उडाला. मग पोलिसांची गाडी दिसली आणि आम्ही सगळेच पळालो. सर्वांत पुढे मीच होतो.

दुसऱ्या दिवशी स्वप्ना वहिनी जिन्यातूनच ओरडत आल्या. "भावजी, पेपरात आलं! दादरहून माझ्या बहिणीचा फोन होता. मोठा फोटो आहे म्हणे, अगदी पुढे फलक घेऊन एक माणूस उभा. म्हणजे तुम्हीच की!"

 मी कन्याकुमारीला होतो! स्वामींच्या शिळेवर! आणि त्याच तारखेला फोटोत मी विरारला, नगरपरिषदेच्या गेटवर! मी पेपर आणायला धावलो, तर स्टेशनपर्यंत एकाही स्टॉलवर तो पेपर नाही. सकाळीच कुणीतरी सगळे गठ्ठे उचलले होते. नालासोपाऱ्यापर्यंत जाऊन आलो, तिथेही नाही.

दोन रात्री झोप नाही, त्यात मोर्चाच्या दिवशी एक चप्पल गेली म्हणून विनयाची स्वप्ना वहिनींच्या सासूशी धुसफूस चाललेली. तिसऱ्या दिवशी विनया म्हणाली, "जे होईल ते होईल. पण ऑफिसात हात हलवत जाऊ नका. माणूस कन्याकुमारीहून शंखशिंपले घेऊन येतो." म्हणून आम्ही रिक्षा करून कळंबच्या किनाऱ्यावर शिंपले वेचायला गेलो. चांगले पिशवीभर वेचले. ऋतिका खूश होती. "पप्पा, आली कन्याकुमारी?" म्हणाली. मी म्हणालो, हो, आली.

किनाऱ्याला लागून सुरूच्या झाडांत एक रिसॉर्ट होतं. तिथून तळलेल्या पापलेटचा वास आला म्हणून मी कुंपणावरून सहज डोकावलो. (सवय वाईट.) आत एक गृहस्थ अर्ध्या चड्डीत, गळ्यात टॉवेल टाकून खुर्चीत पसरले होते. मी बघतच राहिलो. ते भाऊ होते!

"भाऊ! तुम्ही... तुम्ही तर उटीला ना?"

भाऊंनी सावकाश काटा काढला. "मयेकर! अरे, तुम्ही तर कन्याकुमारीला ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

भाऊंच्या मागून ताट घेऊन सोनू एजंट बाहेर आला. "काका," तो लाजत म्हणाला, "दोन्ही टूर माझ्याच आहेत."

 माझ्या तोंडात फलकावरचंच वाक्य आलं. "भाऊ, लाज... म्हणजे, लोक तिकडे चिडलेत हो. तुम्ही पाण्याचा अभ्यास करणार होतात."

"अहो, पाणी बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?" भाऊ म्हणाले. "हा काय समोर समुद्र आहे! आणि उटीला थंडी केवढी, आमच्या मिसेसना दमा आहे. बसा, पापलेट घ्या. तुमचा फोटो बघितला बरं का, वॉचमनने नाव सांगितलं. अक्षर फार सुंदर आहे तुमचं."

"तो पेपर कुठेच मिळाला नाही भाऊ."

"मिळेल कसा? सगळे मीच उचलायला लावले. त्याचं बिल लावू आता जनसंपर्कात. तुम्ही निर्धास्त राहा. तुम्ही मला बघितलं नाही, मी तुम्हाला बघितलं नाही."

"पण फोर्टात तो पेपर येतो हो!"

भाऊंनी खांदे उडवले. "फोर्ट आपल्या वॉर्डात येत नाही."

मी पापलेट खाल्लं. दोन खाल्ली. कोणत्या तोंडाने खाल्ली असं विनयाने नंतर विचारलं, पण आमच्याकडे तोंड एकच आहे.

रजा संपली आणि मी पिशवी घेऊन ऑफिसात गेलो. फर्डिनंडने एक शिंपला उचलला, उलटा केला, वास घेतला.

"मयेकर, हा तर आमच्या कळंबचा."

"छे छे! कन्याकुमारीचा. तीन समुद्रांचा."

"पन्नास वरीस मी तिथंच शिंपले वेचतोय," फर्डिनंड दुःखाने म्हणाला. मग आवाज खाली आणून सांगितलं, "साहेबांनी तुम्हाला बोलावलंय. त्यांच्यासमोर तो जुना पेपर उघडा हाय. आपल्या विरारचं पान."

मी साहेबांच्या केबिनपर्यंत कसा गेलो ते मला आठवत नाही. सामंतसाहेबांनी चष्म्यातून बघितलं आणि म्हणाले, "मयेकर, दार लावा. या पानाबद्दल जरा खासगीत विचारायचं होतं."

बस! माझा बांध फुटला. "साहेब, चुकलं! मी कन्याकुमारीला गेलो नाही साहेब! टाकीसाठी केलं सगळं! बिलं सोनूची आहेत, शिंपले कळंबचे आहेत, केळी तेवढी खरी होती! आणि साहेब, मी एकटाच नाही, ते पवार काशीला जात नाहीत, बदलापूरला आमरस खातात!"

 दारापलीकडे पवारांच्या हातातून काहीतरी पडल्याचं ऐकू आलं.

साहेबांनी शांतपणे पेपर माझ्याकडे फिरवला आणि एका चौकटीवर बोट ठेवलं. "मी ही जाहिरात दाखवत होतो. आमच्या जावयांना विरारला ब्लॉक घ्यायचाय. तिथे पाणी येतं का, एवढंच विचारायचं होतं."

जाहिरातीच्या वर फोटो होता. मी पहिल्यांदाच बघत होतो. मध्यभागी माझा फलक, अक्षर न् अक्षर ठळक. फलकाखाली एक पँट आणि दोन पाय. फलकाच्या वर आकाश.

साहेबांनीही वाकून बघितलं. "यात तुम्ही आहात कुठे?"

मी माझे गुडघे दाखवले.

पुढचं थोडक्यात सांगतो. एलटीसीची रक्कम दंडासकट पगारातून कापून घ्यायचं ठरलं. हेडक्लार्कच्या खुर्चीत फर्डिनंड बसला, कारण ऑफिसात आयुष्यात एलटीसी न घेतलेला तो एकटाच निघाला. सुट्टीत त्याला वाडीत पाणी सोडायचं असतं. पवार माझ्याशी अजून बोलत नाहीत. भाऊंचं उटीचं बिल मात्र सभेत एकमताने मंजूर झालं, पेपरांच्या गठ्ठ्यांसकट.

त्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन मी विनयाला सगळं सांगितलं.  टाकी गेली, खुर्ची गेली, पण म्हटलं, निदान हिला तरी वाटेल की नवरा एकदा तरी आयुष्यात जनतेसाठी उभा राहिला. साहेबांनी दिलेला तो पेपर मी तिच्यापुढे ठेवला.

विनयाने फोटो खिडकीपाशी नेला. बराच वेळ बघितला. तिच्या डोळ्यांत पाणी येतंय की काय असं मला वाटायला लागलं.

"अहो," ती म्हणाली, "हा उजवा पाय बघा. यात माझी चप्पल आहे."

मी बघितलं. होती खरी. फुलाफुलांची, अंगठ्याची.

"आणि डाव्या पायात?" तिने विचारलं.

"ती माझीच असावी. घाईत निघालो ना. पळताना दोन्ही तिथेच राहिल्या असतील."

"म्हणजे अख्ख्या मोर्चात मी एका पायात तुमची ती होडी फरफटत चालले, ती तुमच्यामुळे!" पेपर खाली आला. "आणि मी स्वप्नाच्या सासूला चोर म्हणाले! सगळ्या बिल्डिंगसमोर! आठ दिवस त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही मी! उठा. बसू नका. चहा नंतर. आधी खाली जा आणि त्या म्हातारीच्या पाया पडून या."

मी उठलो. दाराशी चपलांचा एकच जोड उरला होता, तोही तिचा नवा. मी अनवाणीच खाली गेलो.