चारुदत्तपंतांनी बाभुळगावी कॉम्प्युटर उभा केला, त्या मोहिमेची हकीकत

श्री. शके एकोणीसशे अठ्ठावीस, व्यय नाम संवत्सर. संवत्सराचे नाव बखरकाराने ठेविलेले नाही, पंचांगातच तैसे छापिले आहे. वऱ्हाड प्रांती, जिल्हे यवतमाळ, तालुके बाभुळगाव येथील राजश्री चारुदत्तपंत, नामजाद ग्रेडर, कापूस संकलन केंद्र, यांणी आपली एकुलती कन्या चिरंजीव स्पृहा, वय वर्षे अकरा, इजकारणे कॉम्प्युटर कैसा उभा केला, सुटे भाग कोठून आणिले, मध्ये दगा कैसा जाहला आणि तो दगा कोणी कोणास दिला, हा तमाम मजकूर पुढिलांस कळावा म्हणोन येथे लिहिला आहे. यात पदरचे काही घातले नाही. घातलेच असेल तर चवीपुरते मीठ.

त्या समयी मुलखाची अवस्था ऐसी की, कापसाचा भाव पडला, आणि व्यापारी वाटेतूनच कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, आपल्याकडे वळवू लागले, आणि ज्या केंद्रावर एके काळी कोसभर रांग लागे तेथे आवारात कावळे फेऱ्या घालू लागले, आणि पंतांचा पगार आज येतो, उद्या येतो, ऐसे होत दोन महिने आला नाही. तथापि पंतांचा दरारा रतिभर कमी जाहला नाही. वीस वर्षांची कारकीर्द. बंडी उभी राहिली की पंत वरच्या कापसाकडे ढुंकून पाहात नसत. थेट कोपरापर्यंत हात घालीत, मधला मूठभर बाहेर काढीत, दोन बोटांत धागा ओढीत आणि प्रत सांगत. वर चांदी आणि खाली कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, भरणारे मोठमोठे मातब्बर त्या हाताखाली नामोहरम जाहले होते. पुढे पुढे हा हात सरकारी कामापुरता राहिला नाही. बाजारात आंब्याची टोपली दिसली की पंत ती उलटी करीत, आणि लग्नाच्या पंगतीत भातही मधून वाढा म्हणत. शीलाबाईसाहेब, म्हणजे पंतांचे कुटुंब, यांणी या सवयीपुढे लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी शस्त्रे खाली ठेविली होती.

पंत सायंकाळी घरी आले की कन्या त्यांच्या बाहीला चिकटलेली कापसाची बोंडुली काढी, बोटांत ओढी आणि प्रत सांगे, आणि दहांपैकी आठ वेळा बरोबर सांगे, आणि उरलेल्या दोन वेळा पंत बरोबर म्हणत. दिवसभराच्या शिव्याशापांचा शीण तेवढ्याने उतरे. पंतांचा खरा पगार तो, आणि तो एक दिवसही थकला नव्हता.

ऐसे असता वैशाखमासी नागपुराहून फर्मान आले. पंतांच्या वडील भगिनी प्राचीताईसाहेब यांचे चिरंजीव साकेत इंजिनिअरिंगास पुण्यास गेलेले. त्यांची खोली रिकामी, त्यांच्या कॉम्प्युटरावर धूळ. सबब स्पृहेस नागपुरी धाडावे, तेथील शाळेत घालावे, एवढी हुशार पोर बाभुळगावी गंजू देऊ नये, ऐसा हुकूम. आणि त्यासोबत शाळेचा प्रवेशाचा फॉर्मही जोडिला होता. हुकूम खोटा म्हणावा ऐसी सोय नव्हती. बाभुळगावच्या शाळेत कॉम्प्युटर दोन, परंतु ते बारा महिने प्लास्टिकच्या बुरख्यात राहात. सव्वीस जानेवारीस त्यांस हळदकुंकू लावीत आणि पंधरा ऑगस्टास नारळ. कन्येने यावर आपल्यापुरती तजवीज केली होती. लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या पुठ्ठ्यावर तिने पट्टी लावून कीबोर्ड आखिला होता, आणि रोज दुपारी त्या पुठ्ठ्यावर ती दहा बोटांनी धडेच्या धडे टाइप करी. पडद्यावर काही उमटत नसे, कारण पडदाच नव्हता.

मग शीलाबाईसाहेबांनी दरबार भरविला आणि निवाडा सांगितला तो असा: ज्येष्ठ शुद्ध अष्टमी, रविवारी, नणंदबाई जातीने येणार आहेत; तोवर घरात चालता कॉम्प्युटर उभा राहिला तर पोर येथेच शिकेल; न राहिला तर फॉर्मावर सही करावी आणि कोणी डोळे पुसत बसू नये. आणि एवढे बोलून बाईसाहेबांनी नव्या कुलरासाठी जपून ठेविलेली रक्कम पंतांपुढे सारिली. जुन्या कुलराचा पंप जळालेला, यवतमाळचा उन्हाळा, आणि बाई म्हणाल्या की ओले पंचे अंगावर घेऊन निजू. पंतांनी रक्कम घेतली आणि मान हलविली.

मग मसलतीस आरंभ जाहला. कंपनीचा तयार कॉम्प्युटर आवाक्याबाहेर, म्हणोन सुटे भाग जमवून उभा करावा ऐसे ठरले. यवतमाळात दत्त चौकाजवळ घनश्याम नामे तरुण दुकानदार होता. त्याणे बियाण्याच्या हँडबिलाच्या पाठीवर यादी लिहून दिली, आणि बापलेकीने ती यादी ओसरीवर अंथरून तीवर चाल केली. रंगीत प्रिंटर पहिल्याच हल्ल्यात पडला. मग दोन भोंगे पडले, मग नवा चपटा मॉनिटर जावोन त्याच्या जागी बंद पडलेल्या सायबर कॅफेतील पाठीस मोठे कुबड असलेला जुना मॉनिटर नेमिला. मग पंत रॅमवर आले. तेव्हा कन्येने वर्तमानपत्रातील कात्रणे पुढे करोन अर्ज केला की, प्रोसेसर हलका असला तरी चालेल, परंतु रॅम कापू नये; हार्डडिस्क हे कोठार आणि रॅम हा ओटा, ओटाच अरुंद असेल तर कोठार भरलेले असोन काय उपयोग. पंतांस हे पटले. रॅम वाचली, आणि लोडशेडिंगच्या भयाने यूपीएसही वाचला.

शुक्रवारी प्रातःकाळी पंतांची स्वारी गावातल्या भावसिंग नामे चालकाच्या काळीपिवळी जीपमध्ये बारावे उतारू म्हणोन अर्धी आत, अर्धी बाहेर ऐसी आरूढ होवोन यवतमाळी दाखल जाहली. दुकानी गर्दी. घनश्यामाने एकेक जिन्नस मांडिला आणि पंतांनी एकेकाची प्रत ठरविली. विजेचा पुरवठा करणारा डबा तळहातावर तोलिला आणि हलका म्हणोन दोनदा परत केला, तिसरा जड आला तो घेतला. हे उत्तम केले, जाणते लोकही ऐसेच करितात. परंतु रॅमची पाळी आली, घनश्यामाने खोक्यातील वरची पट्टी उचलोन दिली, आणि पंतांची वीस वर्षांची कारकीर्द जागी जाहली. वरचा माल पंतांनी कधी घेतला होता? त्यांणी खोके पुढे ओढिले, कोपरापर्यंत हात घातला आणि अगदी तळाची पट्टी काढिली. घनश्याम गिऱ्हाइकांत गुंतलेला. त्याणे न पाहता बिल केले. पाठीमागे भिंतीवर पाटी होती की एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. हार्डडिस्कात लागणारे सर्व काही त्याणे भरून दिले आणि म्हणाला की दुकानातच जोडून देतो, पैसे नकोत. पंत म्हणाले की नको. डोळ्यांआड जोडलेल्या मालावर इतबार ठेवावा ऐसा धडा त्यांस केंद्रावर मिळाला नव्हता.

शनिवारी दुपारी घरच्या सदरेवर टेबल मांडिले. टेबलाचा एक पाय आखूड होता, ते डुगडुगे, परंतु तिकडे कोणाचे लक्ष नव्हते. घरात टेबलफॅन एकच. त्याचे तोंड यंत्राकडे केले आणि कुटुंब घामात उभे राहिले. कन्या पुस्तिका वाची आणि पंत स्क्रू फिरवीत, आणि मदरबोर्ड बसला, प्रोसेसर बसला, त्याच्या डोक्यावर पंखा बसला, आणि मग रॅमची पट्टी काही केल्या बसेना. पंतांनी उलटी करून पाहिली. सुलटी करून पाहिली. मग कापसाची गठाण, म्हणजे गासडी, दाबतात तैसा अंगठ्यांनी जोर करू लागले, आणि बोर्ड कमानीसारखा वाकू लागला.

"बाबा, दाबू नका," कन्या म्हणाली. "खाच जुळून नाही राह्यली."

मग तिने पुस्तिकेतील चित्र दाखविले, आणि उलगडा जाहला तो ऐसा: खोक्याच्या तळाशी मागल्या वर्षीचा शिल्लक माल होता. वरच्या पट्ट्या नव्या जातीच्या, या बोर्डाच्या. तळाची जुन्या जातीची, तिची खाच भलतीकडे. वर खोटे आणि खाली खरे हा न्याय कापसाचा. दुकानाच्या खोक्यात नवा माल वरून पडतो आणि जुना खाली जातो. मुलखातल्या एकाही व्यापाऱ्यास जे साधले नव्हते, ते पंतांनी स्वहस्ते स्वतःस करोन दाखविले. पंत ओसरीच्या पायरीवर जावोन बसले. शीलाबाईसाहेबांनी पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेविला, आणि तेच त्यांस फार लागले. आत कन्या पुन्हा पुठ्ठ्यावर बोटे चालवीत होती, त्याचा टप टप आवाज येत होता, आणि पुढल्या शनिवारी हा आवाजही घरात नसेल हे मनात येवोन पंतांस भडभडून आले.

रविवारी दिवस उजाडताच पंत पुन्हा यवतमाळी. दुकानास कुलूप. भावसिंगास घनश्यामाचे घर ठाऊक होते, म्हणोन त्याणे जीप तशीच गल्लीत घातली. आतले अकरा उतारू बोंब मारू लागले, परंतु मुलीच्या शाळेची बाब आहे कळल्यावर तेही मुकाट बसले. घनश्याम दारी दात घासत उभा. पंतांनी पट्टी पुढे केली. पाटी त्यांस आठवत होती. वीस वर्षे दुसऱ्यांच्या मालात खोट काढिली. स्वतःची खोट सांगण्याचा हा पहिला प्रसंग, आणि तो तोफेच्या तोंडी जाण्याहून बिकट.

"घनश्याम, चुकी माही हाय," पंत म्हणाले. "मले वरचा दे."

घनश्यामाने पट्टी पाहिली, तोंड धुतले आणि हसू लागला.

"साहेब, एका साली तुमी माह्या बापाच्या बंडीत हात घालून तिसरी प्रत देल्ली होती. बापानं तीन दिवस शिव्या देल्ल्या तुमाले. चौथ्या दिवशी म्हणे, खाली पानी मीच मारलं होतं."

मग त्याणे दुकान उघडिले, खोक्यातील वरची पट्टी काढून दिली, पाटीचा उल्लेख केला नाही, वरून पैसा घेतला नाही. आणि मधातली पाहून घ्यायची असेल तर पाहा, असेही थट्टेने म्हणाला. पंतांनी डोळे मिटोन पट्टी खिशात घातली आणि कूच केले.

इकडे प्राचीताईसाहेब नागपूरच्या एस.टी.ने डेरेदाखल होवोन सदरेवर बसल्या होत्या आणि लाइन, म्हणजे वीज, गेलेली म्हणोन त्याच फॉर्माने वारा घेत होत्या. पंत आले, कोणाशी न बोलता पट्टी खाचेत ठेविली, आणि ती दोन्ही बाजूंनी टक् टक् करून आपसूक बसली. चार वाजता लाइन आली. कन्येने बटण दाबिले. आतला पंखा घरघरला, यंत्राने एकदाच बारीक आवाज दिला, आणि कुबड्या मॉनिटरवर उजेड आला. शीलाबाईसाहेबांनी कुंकवाचे बोट लाविले. ताईसाहेब म्हणाल्या की, चालू होणे निराळे आणि चालविणे निराळे. पोरीस येते काय? आणि तेवढ्यात, वेळापत्रकात नसता, लाइन पुन्हा गेली.

यूपीएस किंचाळू लागला. त्यात दहा मिनिटांचा जीव. परंतु कन्येने खुर्ची ओढिली, दहा बोटे ठेविली आणि कीबोर्डाकडे न पाहता टाइप करू लागली, जणू तो पुठ्ठाच. फरक इतकाच की आता पडद्यावर अक्षरे उमटत होती. मराठी अक्षरे यंत्रात नव्हती म्हणोन इंग्रजी अक्षरांत तिने मराठी लिहिले, जतन केले आणि बाजूस सरली. ताईसाहेबांनी चष्मा लावून मोठ्याने वाचिले:

"आत्या, तुले घरात एकटं वाटते हे मले माहीत हाय. मी सुटीत येईन."

ताईसाहेबांनी पदराने चष्मा पुसला, डोळेही पुसले, आणि तहाची एकच शर्त घातली की, दिवाळीची आणि उन्हाळ्याची, दोन्ही सुट्या. ती तत्काळ मान्य जाहली. पंत पाणी पिण्याच्या निमित्ताने आत गेले आणि माठाशी उभे राहून रडले. बखरकाराने ते पाहिले, म्हणोन लिहिले.

येणेप्रमाणे ज्येष्ठ शुद्ध अष्टमी, रविवार, सायंकाळचे सव्वाचार, मौजे बाभुळगाव येथे फत्ते जाहली. यंत्राची प्रत पहिली, ऐसे कन्येने कीबोर्ड चाचपून ठरविले आणि पंतांनी बरोबर म्हटले. कुलर पुढील सालावर गेला. पुठ्ठ्याचा कीबोर्ड पंतांनी कपाटात, महत्त्वाच्या कागदांत ठेविला. नागपूरचा फॉर्म खुद्द ताईसाहेबांनी चार घड्या करोन टेबलाच्या आखूड पायाखाली सारिला; टेबल त्या दिवसापासून हलत नाही, आणि कन्याही बाभुळगावीच आहे. जे घडले ते ऐसे घडले, नोंद पुरी जाहली.