अल्बममधला नवरा

बायकोच्या कामात रस घ्यायचा, असं मी एका रविवारी चहा पिता पिता ठरवलं आणि तिथेच माझं चुकलं. इतकी वर्षं रस न घेता माझं उत्तम चाललं होतं.

काम म्हणजे, माझी बायको छोटे छोटे अल्बम बनवते. तळहातावर मावतील एवढे. प्रत्येकाला एक विषय असतो. 'बाळाचं पहिलं वर्ष', 'आमची मांजर', 'शाळेतली गँग', असे. जाड कागदाची पानं, त्यांवर कातरलेली फुलं, लेस, बटणं, आणि फोटोच्या रिकाम्या चौकटीखाली तिच्या टपोऱ्या अक्षरातली एखादी ओळ. फोटो गिऱ्हाइकानं आपापले लावायचे. हस्तकलेच्या सामानाच्या एका दुकानात हे अल्बम विकायला असतात. तिथे तिला एक अख्खा कप्पा दिलेला आहे. (घरच्या कपाटात मला अर्धा आहे, पण ते असो.)

तर मी तिला न सांगता दुकानात गेलो. लोकरीचे गुंडे, मण्यांच्या बरण्या, रंगीत कागदांच्या गुंडाळ्या, आणि त्या सगळ्याच्या मधोमध चष्मा दोरीला बांधलेल्या मालकीणबाई. काउंटरवर प्रत्येक विषयाचा एकेक नमुना ठेवला होता. नमुन्यात खरे फोटो लावलेले असतात, म्हणजे गिऱ्हाइकाला अंदाज येतो. मी 'आम्ही दोघं' नावाचा हिरवा अल्बम उघडला.

पहिल्याच पानावर माझा साडू हसत होता.

साडू म्हणजे काय, हे ज्याला साडू आहे त्यालाच कळेल. सासूबाईंच्या तराजूच्या एका पारड्यात आपण बसलेलो असतो आणि दुसऱ्या पारड्यात जो बसतो, तो साडू. माझा साडू तर वजनदारच आहे. डोक्यावर सगळे केस. शर्टाला सुरकुती नाही. जेवण झालं की स्वतःचं ताट स्वतः घासतो, तेही सासूबाई बघत असताना. पान उलटलं, साडू. आणखी उलटलं, तर साडू आणि मेव्हणी, समोर समुद्र, आणि खाली माझ्या, माझ्या स्वतःच्या बायकोच्या अक्षरात लिहिलेलं: 'असा जोडीदार मिळायला भाग्य लागतं.'

"नवरा असावा तर असा!" शेजारी उभी असलेली एक बाई म्हणाली.

"ह्याच्यामुळेच तर खप आहे," मालकीणबाई म्हणाल्या.

"अल्बम करणाऱ्या बाईंचा नवरा का हा?"

"छे! त्यांचा नवरा आम्ही कुणी पाहिलेला नाही. त्या कधी विषयच काढत नाहीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. (केस नसल्यामुळे तिला वाटेत अडथळाही झाला नाही.) घरी येऊन मी थेट विषयाला हात घातला.

"त्या अल्बममध्ये साडूचे फोटो कशाला?"

"भाऊजींचे? ताईनं दिले. छान आलेत ना?"

"माझे का नाही लावले?"

बायको कात्री खाली ठेवून विचारात पडली. खोटं बोलायची तिला सवय नाही, हाच तिचा मोठा दुर्गुण.

"अहो, तुमचे फोटो आपल्या आपल्यात ठीक आहेत. पण तो अल्बम विकायचा असतो."

मला मत्सर वाटत होता का? होय, चांगला सडकून वाटत होता. ऑफिसात फायलीवर सही करताना साडू दिसे, आरशात दाढी करताना साडू दिसे. (ते एका परीनं बरं होतं, पण मला तेव्हा तसं वाटलं नाही.) शेवटी, त्या अल्बममध्ये साडू तरी राहील नाहीतर मी तरी, असं ठरवून मी माझे निवडक फोटो काढले. एक पासपोर्टचा. एक ऑफिसच्या नव्या वॉटर कूलरची फीत कापतानाचा. एक आरामखुर्चीतला, बनियनवर, वाचता वाचता डोळा लागलेला. तो जरा भावुक आहे.

मग दाढ दुखते म्हणून साहेबांकडून सुटी घेतली, खिशात ऑफिसची डिंकाची बाटली टाकली आणि दुकान गाठलं. मालकीणबाई शिडीवर चढून लोकर काढत होत्या. काउंटरवर हिरवा अल्बम होता. तो मी उघडला आणि माझे डोळेच भरून आले.

आत साडू नव्हता. सगळ्या चौकटी रिकाम्या होत्या!

बायकोला पश्चात्ताप झाला होता. तिनं साडूला हाकलून माझ्यासाठी जागा केली होती, आणि भाबडी बोलली मात्र काही नाही. ओळीसुद्धा नव्या लिहिल्या होत्या. 'ह्याच्यावाचून माझं पान हलत नाही' ह्याच्यावर मी कूलर लावला. 'माझ्या मनातलं गुपित' ह्याच्यावर आरामखुर्ची. 'हाच तो, हाच तो!' ह्याच्यावर पासपोर्ट. आमचा डिंक असा आहे की साहेब बदलतात, पण फायलीवरचं लेबल निघत नाही. अल्बम होता तिथे ठेवून मी शीळ घालत घरी आलो.

पुढच्या रविवारी सकाळी दुकानातून मालकीणबाईंचा फोन आला. बायकोनं घेतला.

"काय? आमच्या अल्बममध्ये? परका माणूस? दिसायला कसा आहे?" ती ऐकत गेली आणि हळूहळू माझ्याकडे वळली. "बनियनवर? तोंड उघडं? हो, हो. ओळखते मी."

प्रकार असा झाला होता. तो नमुना नव्हताच. नमुना बांधणीत ढिला झाला म्हणून बायकोनं दुरुस्तीला घरी आणला होता. काउंटरवर होती ती एका मुलीची ऑर्डर, कागदात गुंडाळायला काढून ठेवलेली. आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला तिनं ती गुंडाळलेली तशीच आईला दिली. सगळ्या नातेवाइकांसमोर आईनं अल्बम उघडला आणि आत मी निघालो! मुलीला वाटलं दुकानाची चूक, आईला वाटलं मुलीची थट्टा, आणि वडिलांना जे वाटायचं ते वाटलं. काल संध्याकाळपासून त्यांनी स्वतःच्या बायकोशी बोलणं सोडलं होतं. "कोण आहे तो कूलरवाला, त्याला माझ्यासमोर उभा करा," एवढंच ते म्हणत होते.

"केलंत ना वाटोळं?" बायको म्हणाली. "कुणाचा संसार मोडायची वेळ आली! चला आता दुकानात."

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगू? आतून गुदगुल्याही होत होत्या. जन्मभर मी दुसऱ्यांवर जळत आलो. कुणीतरी माझ्यावर जळायची ही पहिलीच वेळ. माझ्यामुळे एका पुरुषाची झोप उडाली होती! साडूचा फोटो लाखात एक असेल, पण त्यानं कधी कुणाच्या घरात अबोला घडवलाय? मी इस्त्रीचा शर्ट घातला, अंगावर अत्तर शिंपडलं आणि पोट आत घेऊनच रिक्षात बसलो.

दुकानात मंडळी आधीच जमली होती. मुलगी, रडून डोळे सुजलेली आई, आणि पैलवानासारखे वडील, हातात अल्बम घेऊन.

"कुठाय तो?" त्यांनी गर्जना केली.

मी एक पाऊल पुढे झालो. "मीच तो," शक्य तेवढ्या खर्जात मी म्हणालो.

त्यांनी मला वरून खाली पाहिलं. मग खालून वर पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा एकदा पाहिलं. त्यांच्या कपाळावरची शीर खाली बसली, मुठी सुटल्या, आणि चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की मला बघवेना.

"हे होय?" ते म्हणाले आणि आपल्या बायकोकडे वळले. "चुकलं गं माझं. उगाच तुझ्यावर संशय घेतला."

"अहो, असं घाईनं ठरवू नका!" मी पोट आणखी आत घेत म्हणालो. "फोटोत तरी तुम्हाला वाटलं होतं ना काहीतरी?"

"फोटोत नीट दिसत नव्हतं हो," ते माझ्या पाठीवर मायेनं थोपटत म्हणाले.

मी आशेनं माझ्या बायकोकडे पाहिलं. म्हटलं, आता तरी ही माझी बाजू घेईल.

"मी मालकीणबाईंना फोनवर तेच सांगत होते," ती त्यांना म्हणाली, "एकदा ह्यांना समोर बघा, म्हणजे तुमच्या मनात काही म्हणून राहणार नाही."