शालूआत्याचा मुकादम

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाण म्हणून चाळण्या देतात, डबे देतात. लालबागच्या आमच्या शालूआत्याने एका वर्षी चुलत वहिनीच्या हळदीकुंकवात शिरून सगळ्या सुनांच्या हातावर शी तपासायला न्यायची डबी ठेवली. वर तिळगूळ. "नवऱ्याची भरून द्या गो. चाळण्या काय, घरात ढीगभर असतात."

आमच्या घराण्याला आतड्याच्या कॅन्सरने पोखरलंय. आजोबा गेले, मग दोन्ही काका, मग माझे बाबा. गाववाले म्हणायचे, देवाचं काहीतरी राहिलंय. नारळ झाले, कोंबडे झाले. बाबांच्या आजारपणात डॉक्टरीणबाईंनी खरं कारण सांगितलं, आणि तेव्हापासून आत्याने कुणाला सुखाने जेवू दिलं नाही.

आजोबा गिरणीत होते, त्यामुळे तिचं विज्ञानही गिरणीतलंच. "पेशी दुप्पट होताना आतल्या डीएनएची नक्कल काढते. एवढं मोठं काम, चुका होणारच. म्हणून मागे मुकादम असतो, चूक दिसली की तिथल्या तिथे दुरुस्त करतो. आपल्याकडचा मुकादम झोपलाय. चुका साठत जातात, नि एक दिवस पोटात गाठ. आईबापाकडून पोराला असला झोपलेला मिळेल किंवा नाही मिळेल, निम्मं निम्मं."

लग्नात अक्षता पडायच्या आत ती नवरदेवाच्या कानाशी लागायची, "काय रे झिला, मुकादम तपासलास?" तिला पाहून लोक पंगत बदलायचे. ती वाटी घेऊन मागोमाग त्या पंगतीला.

शेवटी कटकट मिटावी म्हणून मी रक्त तपासून घेतलं. माझाही मुकादम झोपलेला निघाला. रिपोर्ट घेऊन थेट तिच्या खोलीवर गेलो. तिने तो वाचला आणि चहा ठेवला. तिच्यातही हाच दोष असणार, म्हणून ती एवढी घाबरते, असं मी धरून चाललो होतो. विचारलं, "आत्या, तुझा काय आला होता?"

"माझा साफ." तिने गॅस बारीक केला. "चार भावंडांत मी एकटी सुटले. रिपोर्ट घेऊन घरी आले, तर तुझा बाप बादलीशी ओकत बसलेला. कुणाला सांगू, मी सुटले म्हणून?"

मला रडू फुटलं. ती चहा गाळत राहिली.

दुर्बिणीच्या तपासणीत माझ्या आतड्यात एक बारीक कोंब सापडला, त्याची गाठ व्हायच्या आत तो तिथेच काढला. वेळेवर आलात, आता दरवर्षी या, असं डॉक्टरांनी बजावलं. दरवर्षी आत्या सोबत येते. आदल्या दिवशी मला नुसत्या पातळ पदार्थांवर राहावं लागतं, तर तीही तोंडात घास घालत नाही. यंदा मी चिडलोच. "तुझं वय काय! तुला कशाला उपास?"

"त्या तिघांना शेवटी पाणी उतरत नव्हतं रे, नि मी दोन वेळा जेवत होते," ती म्हणाली. "तुझ्यासोबत तरी उपाशी राहू दे."