टर्बो घोड्यास दम देविल्याचे वर्तमान

॥ श्री चक्रपाणी प्रसन्न. ज्याचे हाती चाक, त्याचेच हाती लाज ॥

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य पक्ष. ते दिवशी मुलखात सर्वत्र स्वस्थता होती आणि लिहून ठेवावे ऐसे काही घडले नाही. घाटाखालील पेठेत थोरले सरकार, म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त जाहलेले वामनराव खरवंडीकर, पहाटे उठले आणि चहा घेतला आणि चहा पाणचट जाहला म्हणून मातोश्रींशी, म्हणजे आपले कुटुंबाशी, किंचित युद्ध केले आणि युद्धात पराभव पावून तोच चहा पुन्हा मागविला. मग कन्या सुमेधाबाईसाहेब, ज्या घाटावरील नगरात कॉलेजात शिकवीत आणि ग्रंथ बहुत वाचीत आणि शनिवारी एसटीने माहेरी येत, त्यांजला एक जुने वाहन घेऊन द्यावे ऐसी जुनी मसलत पुन्हा निघाली. बाईसाहेबांचे चित्त टर्बो पेट्रोल एसयूव्हीवर जडले होते. टर्बो म्हणजे शंखासारखे एक यंत्र. इंजिनाने टाकलेल्या धुराने ते फिरे आणि फिरोन ताजा वारा इंजिनाचे छातीत दामटून भरी, येणेकरून लहान घोड्यास मोठ्या घोड्याचे बळ येई आणि मोठ्या घोड्याची दुखणीही येत. सरकारांनी विजेरी घेतली आणि पांढरा रुमाल घेतला. रुमाल शरणागतीचा नव्हे, तपासणीचा. आणि स्वारी निघाली.

येथे सरकारांचे एका रीतीचे वर्णन करणे अवश्य. पूर्वी खात्याची टर्बोची जीप त्यांजकडे होती आणि तिचे चालकाने शिकविले होते की, मजल मारून आल्यावर इंजिन एकाएकी बंद करू नये, थोडा वेळ तैसेच चालू ठेवावे, कारण शंख आत तापून लाल असतो आणि तेलाचा पुरवठा तुटला तर जागीच जळतो. सरकार यास ‘दम देणे’ म्हणत. मग जीप गेली आणि खाते गेले, परंतु दम राहिला. घरचे लहान मोटारीस टर्बो नव्हता, तिजलाही दम मिळे. स्कूटरीस मिळे. एकदा मातोश्रींचा मिक्सर खोबऱ्याची चटणी वाटून जाहल्यावर रिकामा फिरवीत उभे राहिले आणि मातोश्री म्हणाल्या, “अहो, तो मिक्सर आहे, धरण नाही.” कोठेही जाऊन आले की सगळे उतरत आणि सरकार चाकावर हात ठेवून एकटेच बसून राहत आणि बाईसाहेब लहानपणापासोन दारापासून हाक मारीत, “बाबा, चला ना, उशीर होतोय!” आणि आतून एकच उत्तर येई, “दम धर, सुमे.” ऐसे असोन आपण मात्र जिना एका दमात चढत.

असो. हमरस्त्याचे कडेस जुन्या वाहनांचा बाजार होता आणि तेथील ठाणेदार मच्छिंद्रशेठ काळोखे गळ्यात साखळी आणि हातात किल्ल्यांचा जुडगा ऐसे सामोरे आले आणि पत्र्याचे छपराखालील एका पांढऱ्या एसयूव्हीकडे हात करून बोलिले, “या काका, या ताई. गाडी नाय ही, वाघ आहे. एका डॉक्टरची. दवाखाना ते घर, घर ते दवाखाना.” सरकार बोलिले, “शेठ, मागच्या वेळी ती लाल दाखवलीत ती पण डॉक्टरची. या तालुक्यात सगळे डॉक्टर गाड्या विकतायत आणि पेशंट चालत जातायत, असं आहे का?” मग सरकारांनी इंजिन सुरू करविण्यापूर्वी बॉनेटवर तळहात ठेविला, जैसा वैद्य रोग्याचे कपाळी ठेवितो, आणि बोलिले, “गरम आहे.” “उन्हात होती, काका.” “छपराखाली?” शेठजी क्षणभर छपराकडे पाहत राहिले, जणू ते कालच कोणी येऊन घातले.

मग तपासणीचा मोठा रणसंग्राम जाहला. किलोमीटरचे काट्याचा आकडा बालकाचा होता आणि ब्रेकचे पेडलचे रबर म्हाताऱ्याचे, गुळगुळीत. सरकारांनी ते बोटाने दाखविले. शेठजी म्हणाले, “डॉक्टरसाहेब ब्रेक जरा जास्त मारायचे.” “घर ते दवाखाना?” “मध्ये सिग्नल आहेत ना.” तेलाचे झाकण उघडून पाहिले, खाली लोण्यासारखा पांढरा थर नव्हता, म्हणजे तेलात पाणी शिरले नव्हते, हे चांगले, परंतु तेल अगदी कोरे होते आणि सरकार बोलिले की, कालच बदललेले तेल म्हणजे साक्षीदारास न्हाऊमाखू घालोन कचेरीत उभा केला, तो काय खरे सांगणार. शंखास जोडलेल्या रबरी नळ्या दाबून पाहिल्या, एकीचे सांध्यास ओशट लागले. शेठजींनी अभिमानाने सांगितले, “मशीन लावून बघा, एक पण एरर नाही.” “पाटी पुसली की पोरगं पास होत नाही, शेठ.”

मग स्वारी फेरी मारावयास गेली. सरकार स्वतः चाकावर बसले आणि टांगा लांब, सबब सीट पार शेवटपर्यंत मागे सारिली. आटोमॅटिक गिअर होता; मंद चालीत तो ऐसे धक्के देई की गाडीतील तिघेही माना हलवून होकार देऊ लागले आणि शेठजी मागून बोलिले, “बघा, सगळ्यांना पसंत आहे.” बाईसाहेब हसल्या आणि सरकारही हसले. परत येऊन गाडी छपराखाली उभी केली आणि शेठजी उतरले आणि बाईसाहेब उतरल्या आणि सरकार दम देत बसले. बाईसाहेबांची एसटी सुटावयाची होती. त्या बोलिल्या, “बाबा, गाडी आपली नाहीये अजून. चला ना, मला उशीर होतोय.” सरकार बोलिले, “दम धर, सुमे. गाडी कुणाची का असेना.” मग खाली उतरोन शेठजींस ताकीद केली, “उद्या सकाळी येतो. थंड असताना सुरू करून बघायची. तोवर हात लावायचा नाही, सांगून ठेवतो.” “उद्यापर्यंत राहील का, काका? लोक टपलेत.” “वाघ आहे ना? कोण नेतंय वाघ.” हे त्या दिवसाचे वर्तमान. सायंकाळी पिठले जाहले.

दुसरे दिवशी, चहाचे आधी, थोरले सरकार कैलासवासी जाहले. एकाएकी बंद करू नये, हे ज्यांनी जन्मभर सांगितले, त्यांचे एकाएकी बंद जाहले. याहून अधिक मजकूर उपलब्ध नाही.

मग सुतक आले आणि आप्त आले आणि आप्तांनी सांत्वनासोबत सल्लेही आणिले. एक काका डोळे पुसोन म्हणाले, “फार वाईट झालं. पण डिझेल घे तू.” मग दिवसकार्य जाहले आणि आप्त गेले आणि पौष मास लागला. मातोश्री एके सकाळी दोन पेले चहा ओतोन एकाकडे पाहत राहिल्या आणि मग बोलिल्या, “पौषात घ्यायची नाही काही वस्तू. पण ह्यांनी त्या माणसाला उद्या येतो म्हणून सांगितलं होतं. एकदा जाऊन ये, सुमे. शब्द तसाच पडलाय.” तेव्हा बाईसाहेबांनी विजेरी घेतली आणि पांढरा रुमाल घेतला, तो घडी घातलेला तैसाच होता, आणि एकट्याच निघाल्या.

गाडी होती. शेठजींनी विचारिले, “काका नाय आले?” बाईसाहेब बोलिल्या, “बाबा गेले. इथून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीच.” शेठजींचे हातातील किल्ल्यांचा आवाज थांबला. मग बोलिले, “मी म्हटलं, शब्दाचा माणूस, आला कसा नाही. पौषामुळं गिऱ्हाईक नाही, ते एक. पण ताई, हात लावला नाही गाडीला. काकांनी असा दम भरला होता.” आणि हे सत्य होते, काचेवर धूळ होती आणि धुळीत मांजराची पावले होती. बाईसाहेबांनी दार उघडले आणि पाहतात तो सीट पार शेवटपर्यंत मागे. सरकारांचे टांगांचे माप तेथे जैसेचे तैसे उभे होते, म्हणजे बसले होते. तत्क्षणी बाईसाहेबांनी मनात निश्चय केला की गाडी घ्यावयाची. मग वाघ असो, मांजर असो.

बसल्या, तो पाय पेडलास पोचेना. शेठजी बोलिले, “ताई, खाली दांडी आहे. सीट पुढं घ्या.” “नको.” “अहो, ब्रेक दाबला नाही तर गाडी सुरूच होत नाही.” “होईल.” मग पिशवीतील ग्रंथ काढिले, दोन जाड आणि एक मध्यम, आणि ते पाठीशी रचिले आणि ग्रंथांचा टेका घेऊन पुढे सरकोन ब्रेकास पाय पोचविला. विद्येचा ऐसा उपयोग त्यांजला पूर्वी कधी जाहला नव्हता. बॉनेट थंडगार होते, बॅटरी निजली होती, तिजला दुसऱ्या बॅटरीच्या तारा लावोन उठविले आणि कळ दाबिली. तो इंजिनातून साखळदंड ओढिल्यासारखा खळखळाट उठला आणि मग शमला, आणि मागील नळीतून निळ्या धुराचा लोट निघाला आणि छपराखाली सर्वत्र निळे जाहले आणि मांजर, जे खरे मालक होते, ते पळाले. “थंडी आहे, ताई,” शेठजी खोकत बोलिले, “माणसाच्या तोंडातनं पण वाफ येते की.” “वाफ पांढरी असते, शेठ. निळी कुणाच्या तोंडातनं येते?”

तरी फेरीस गेल्या. चढावर पाय दाबिला तो घोडा विचारात पडला आणि बहुत वेळाने एकदम उसळला आणि शंखातून ऐसी शीळ निघाली की कडेचे शेतातील एका मनुष्याने वळोन पाहिले, कोणी आपणास शीळ घातली म्हणोन. परतताना इंजिनाचा पिवळा दिवा लागला. पुसलेली पाटी आपले आपण लिहू लागली. मग छपराखाली येऊन, इंजिन चालू ठेवून, शेठजींनी पांढरा रुमाल नळीपुढे धरिला आणि बाईसाहेबांचे हाती दिला. मध्यभागी काळा ओशट ठिपका होता, एवढा मोठा की घडीत लपविता येईना.

तेव्हा बाईसाहेबांचे मनात दोन फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या. एकीकडे निळा धूर आणि साखळीचा खळखळाट आणि शीळ आणि पिवळा दिवा आणि गिअरचे धक्के, आणि ही गाडी घाटात एकट्या बाईस घेऊन उभी राहील हा विचार, आणि खाली दोन पेले चहा ओतणारी मातोश्री. आणि दुसरीकडे एक सीट. सीटची फौज भारी पडत होती. शेठजींनी हे ताडिले आणि हळू बोलिले, “घ्या ताई. काकांची शेवटची आठवण.” बाईसाहेब सीटकडे पाहत राहिल्या. शेठजींनी एकदा तिकडे पाहिले, एकदा रुमालाकडे पाहिले, आणि त्यांचे धंद्यात जे कधी जाहले नव्हते ते जाहले. ते बोलिले, “खरं सांगू का, ताई? काका असते तर इतका वेळ लावला नसता. रुमाल बघितला असता आणि निघाले असते.”

“निघाले नसते,” बाईसाहेब बोलिल्या. “आधी दम दिला असता.”

शेठजी हसले आणि लागलीच हसणे आवरिले. “म्हणजे, नको ना गाडी?” “नको.” “मग बंद करू? किल्ली द्या.” “थांबा जरा. दम धरा.” ऐसे म्हणोन बाईसाहेबांनी ग्रंथ काढोन पिशवीत घातले, सीट जेथे होती तेथेच राहू दिली, आणि गाडीस वळसा घालोन डावे दार उघडोन शेजारचे जागेवर जाऊन बसल्या आणि दार लावोन घेतले. शेठजी दूर जाऊन उगाच दुसऱ्या एका गाडीची काच पुसू लागले. तीही डॉक्टरचीच होती.

तात्पर्य इतुकेच. मुलखात जो कोणी जुना टर्बो घोडा मोल घेईल, त्याने थंड असताच तो जागवावा, गरम बॉनेटावर इतबार ठेवू नये, निळा धूर दिसताच माया आवरावी, आणि घोडा घेतला नाही तरी उतरताना त्यास दम द्यावा, कारण घोडा कुणाचा का असेना. सुमेधाबाईसाहेबांनी गाडी घेतली नाही. त्या दिवशीही एसटीनेच गेल्या, आणि ती एसटी सुटावयाची वेळ जवळ येत होती, तरी इंजिन मंद चालू होते आणि धक्क्याविना आणि शिळेविना थरथरत होते. त्यांनी उजवीकडील, मागे सारिलेल्या, रिकाम्या सीटकडे पाहिले, आणि जे लहानपणापासोन एकदाही म्हटले नव्हते ते मोठ्याने, स्पष्ट म्हटले:

“बसा, बाबा. मला घाई नाही.”